भाचीला मधुमेहाच्या संशोधनात जायचंय. कोल्हापुरातून ही वाट कशी धरावी?

करवीरकर | रविवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. माझी भाची एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपत आली. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की एमडी मेडिसिन करायचं आणि राजारामपुरीत दवाखाना टाकायचा. दाजींनी जागासुद्धा बघून ठेवलीय. आणि पोरगी म्हणते, मला दवाखाना नको, मला लठ्ठपणा आणि मधुमेहावर संशोधन करायचंय. इन्सुलिन अंगात भरपूर असतानाही शरीर त्याला दाद का देत नाही, हे तिला शोधायचंय.

हे खूळ नव्हे. सरकारी दवाखान्यात ओपीडीला बसताना तिने बघितलं की शेतमजूर माणूस येतो, हाडं मोजून घ्यावीत असा बारीक, आणि उपाशीपोटी साखर अडीचशेच्या वर. पुस्तकात मात्र या मधुमेहाचा पेशंट लठ्ठ दाखवलेला. तिथून तिच्या डोक्यात हे बसलं ते बसलंच.

ताई रडकुंडीला आलीय. "एवढं शिकून उंदरांना सुया टोचत बसणार का?" म्हणते. मी भाचीच्या बाजूने आहे, पण मी बँकेतला माणूस, मला यातलं ओ की ठो कळत नाही. अशा संशोधकाचं आयुष्य असतं कसं? त्यावर घर चालतं का? आणि कोल्हापुरात राहून यातलं काही होतं, की पुणे-मुंबई-परदेश गाठायलाच हवं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

तालीमबहाद्दर | रविवार, रात्री ९:५८
पोरीला आधी गंगावेशीत आमच्याकडं धाडा. कुस्ती सोडलेल्या वस्तादांची पोटं मोजली तरी निम्मं संशोधन तिथंच हुईल.

शरीरक्रिया_मास्तर | रविवार, रात्री ११:१५
करवीरकर, भाचीचं मनापासून अभिनंदन. मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

तिला पडलेला प्रश्न फार जुना आणि मानाचा आहे. १९३६ साली हॅरॉल्ड हिम्सवर्थ या लंडनच्या डॉक्टरने मधुमेह्यांना साखर पाजून त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन दिलं. काहींची साखर दाबली गेली, काहींची ढिम्म हलली नाही. म्हणजे सगळ्यांनाच इन्सुलिन कमी पडतं असं नाही, काहींचं शरीर त्याला जुमानत नाही. त्या वेळी हे सिद्ध कसं करणार? रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती.

ती सोय केली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका सरकारी रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या जोडीने. यॅलोबाई पदार्थविज्ञानाच्या, डॉक्टर नव्हेत. त्यांनी किरणोत्सारी इन्सुलिन वापरून मोजणीची पद्धत बसवली. इन्सुलिन टोचलं की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं, हा त्यांचा निष्कर्ष सांगणारा निबंध आधी नाकारला गेला होता. पुढे १९७७ला नोबेल मिळालं तेव्हा बाईंनी नकाराचं ते पत्र आपल्या भाषणासोबत छापलं. या मोजणीमुळे कळलं की वयस्कर मधुमेह्यांपैकी अनेकांच्या रक्तात इन्सुलिन चांगलं भरपूर असतं. बर्सन मात्र १९७२लाच गेले. जिवंत माणसालाच नोबेल देतात, त्यामुळे त्यांचा वाटा राहून गेला. मला हे आजही चुटपुट लावतं.

मग १९७९मध्ये राल्फ डिफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी 'क्लॅम्प' नावाची पद्धत नीट मांडली. ती समजून घ्या, कारण भाची या वाटेने गेली तर हे तिच्या रोजच्या कामातलं असेल. एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन सोडत राहायचं. साखर उतरू लागते. ती उतरू नये म्हणून दुसरीकडून ग्लुकोज सोडायचं, आणि दर पाच मिनिटांनी रक्त तपासून ग्लुकोजचा वेग कमीजास्त करायचा. मोटर चालू असताना विहिरीची पातळी हलू द्यायची नाही आणि त्यासाठी वरून किती पाणी ओतावं लागलं ते लिहून ठेवायचं, तसं. जास्त ग्लुकोज ओतावं लागलं तर शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतंय. थोडक्यात भागलं तर नाही.

१९८८मध्ये स्टॅनफर्डच्या जेराल्ड रेव्हन यांनी बँटिंग व्याख्यानात, म्हणजे मधुमेहाच्या क्षेत्रातल्या मानाच्या भाषणात, मांडलं की इन्सुलिनला दाद न देणं, रक्तदाब, बिघडलेले मेद, साखर ही सगळी एकाच माळेतली दुखणी आहेत. आणि वजन बेताचं असलेल्या माणसातही ती असू शकतात. भाचीने ओपीडीत पाहिलं त्याच्या जवळ आपण आलो.

ऊसकरी | सोमवार, सकाळी ६:२०
मास्तर, मोटरीचं लगेच समजलं. पण दर पाच मिनिटाला रक्त म्हंजे माणूस किती वेळ आडवा? आणि हे गावात जमणार कसं?

शरीरक्रिया_मास्तर | सोमवार, सकाळी ७:०५
दोन तास तरी, आणि शेजारी डॉक्टर हवाच. गावात नाही जमत. म्हणून १९८५मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि मंडळींनी सोपी युक्ती काढली. उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. समजा साखर ९५ आणि इन्सुलिन १२, तर उत्तर २.८. क्लॅम्पइतकं नेमकं नाही, पण हजारो माणसांचं काढता येतं.

डॉ_कागल | सोमवार, दुपारी २:३०
मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. माझ्या दवाखान्याबाहेर सकाळी रांग असते. त्यातल्या कितीतरी लोकांना मधुमेह आहे हे पायाची जखम चिघळल्यावर कळतं. तालुक्याला धड फिजिशियन मिळत नाही. अशा वेळी हुशार पोरीने प्रयोगशाळेत जाऊन बसायचं? हिम्सवर्थ आणि रेव्हन मोठेच, पण माझ्या पेशंटला चालायला लावणारा आणि गोळी वेळेवर घ्यायला लावणारा माणूस हवाय. आपल्याला आधी डॉक्टर पुरू देत.

निपाणीची_लेक | सोमवार, दुपारी ४:१०
डॉक्टरसाहेब, तुमची तळमळ कळते, पण संशोधन म्हणजे फक्त प्रयोगशाळा नाही. लग्नाआधी मी एका अभ्यासात गावोगाव फिरणारी कार्यकर्ती होते. गरोदर बायांची नोंद ठेवायची आणि बाळंत झाल्याचा निरोप आला की तीन दिवसांच्या आत घर गाठायचं. वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर. आणि सगळ्यात अवघड म्हणजे चिमटा. बाळाच्या पाठीवर खांद्याच्या हाडाच्या खालच्या टोकाशी कातडी आणि तिच्याखालची चरबी अंगठा-बोटात धरायची, कॅलिपरचे जबडे तिथे हलकेच सोडायचे, काटा थांबला की आकडा वाचायचा. तीनदा. तोवर बाळ आकांत करतंय आणि आजी दारातून म्हणतेय, "बास झालं की गं बाई."

तेव्हा वाटायचं, एवढ्याशा जिवाची चरबी मोजून काय मिळणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम मला नंतर कळलं. त्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आठशेच्या आसपास गरोदर बायांपासून सुरुवात केली. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ वजनाला कमी, पोट आणि दंड बारीक, पण पाठीवरच्या त्या चिमट्यातली चरबी मात्र जवळजवळ तेवढीच! बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखणारं बाळ. करवीरकर, तुमच्या भाचीच्या शेतमजुराची गोष्ट अशी आईच्या पोटातून सुरू झालेली असू शकते.

पेठेतला_पाव्हणा | सोमवार, संध्याकाळी ६:४५
याज्ञिकांचं नाव निघालंय तर त्यांचा तो फोटो सगळ्यांनी शोधून बघाच. २००४ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ते स्वतः आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एका पानात त्यांनी सांगून टाकलं की गोऱ्या माणसाच्या मापाने आपल्याला मोजू नका.

म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३च्या वर जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषाची ९० सेंमी, बाईची ८० सेंमी ओलांडली की सावध व्हायला सांगतात. डॉ_कागल, तुमच्या टेबलावरचा तो तक्ता अशाच कामांतून आलाय.

तालीमबहाद्दर | सोमवार, संध्याकाळी ७:१०
९० सेंमी म्हंजे ३५ इंच. उद्या टेप घिऊन जातो तालमीत. वस्ताद मला आखाड्यात लोळवणार हे नक्की!

शाहूपुरी_यार्ड | सोमवार, रात्री ८:३०
सगळे साखर साखर करताय. लोकांनी गूळ सोडून साखर धरली तिथनंच हे दुखणं वाढलं असं माझं मत आहे. आमच्या आजोबांनी गुळाचा चहा पिऊन ऐंशी पार केली. कोल्हापुरी गुळाला जीआय मानांकन आहे. भाचीने गुळावरच संशोधन करावं.

डॉ_कागल | सोमवार, रात्री ८:५५
दादा, गुळाचा अभिमान मलाही आहे, पण मधुमेह्याला असं सांगू नका हो. गुळात बहुतांश तीच साखर असते, सोबत थोडे क्षार. रक्तात गेल्यावर फार फरक राहत नाही. "डॉक्टर, साखर बंद केली, गूळच खातो" म्हणणारे पेशंट रोज बघतो, आणि त्यांचे रिपोर्ट बघून जीव कळवळतो. तुमचे आजोबा दिवसभर गुऱ्हाळावर राबत होते, ते विसरू नका.

शाहूपुरी_यार्ड | सोमवार, रात्री ९:०२
राबत होते हे खरं. पहाटे चुलवाणापासून रात्री ढेपा उतरेपर्यंत.

शरीरक्रिया_मास्तर | सोमवार, रात्री ९:४०
ते राबणंच महत्त्वाचं. क्लॅम्प लावला असता शरीर जेवढं ग्लुकोज उचलतं त्यातलं बहुतेक स्नायू उचलतात. आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही ग्लुकोज आत घेऊ शकतो. आखाडा सुटला, खुराक तोच राहिला, तर काय होतं ते तालीमबहाद्दरांच्या विनोदात आलंच आहे. तो खरंच अभ्यासाचा विषय आहे.

सायली_रंकाळा | सोमवार, रात्री ११:५०
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी लहानपणापासून जाड. शाळेत, लग्नकार्यात, बसमध्ये, सगळीकडे ऐकलंय. डॉक्टरांकडे घसा दुखतोय म्हणून गेले तरी "आधी वजन कमी करा". तोंडावर ताबा नाही, आळशी आहे, हे लोकांनी इतकं ठरवून टाकलेलं की आईसुद्धा पानात वाढताना हात आखडायची. माझं चौदाव्या वर्षापासूनचं पाळीचं दुखणं आणि इन्सुलिन यांचा काही संबंध असेल असं तिशी येईपर्यंत कुणी बोललं नाही. शेवटी एका बाई डॉक्टरने उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासलं, मास्तरांनी वर दिलाय तसाच हिशोब करून दाखवला आणि म्हणाली, "यात तुमचा गुन्हा काही नाही." मी तिच्या खोलीत हमसून रडले.

नंतर मी वाचत गेले. १९९४ला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचं जनुक शोधलं, आणि चरबी स्वतः मेंदूला निरोप धाडते हे कळलं. काही मुलांत ते लेप्टिन जन्मतःच नसतं, भूक भागतच नाही, आणि ते बाहेरून दिलं की भूक ताळ्यावर येते. असे लोक फार थोडे, मी त्यातली नाही. पण भूक ही निव्वळ मनाच्या ताब्यातली गोष्ट नाही, हे तर त्यातून सिद्ध झालंच ना? आणि त्याची सुरुवात उंदरांपासूनच झाली होती. करवीरकर, तुमच्या ताईंना हे आवर्जून सांगा. कुणीतरी उंदरांना सुया टोचत बसलं, म्हणून माझ्यासारखीला मान वर करून चालता येतंय.

निपाणीची_लेक | मंगळवार, सकाळी ७:३०
सायली, तुला घट्ट मिठी.

टाईनकाठचा_करवीर | मंगळवार, सकाळी १०:०५
मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या इंग्लंडात न्यूकॅसलला. इथल्या रॉय टेलर यांचं म्हणणं असं की यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली तर साखर परत ताळ्यावर येऊ शकते. ग्लासगोचे माइक लीन आणि ते, दोघांनी मिळून हे साध्या सरकारी दवाखान्यांतून करून बघितलं. काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आत-बाहेर कॅलरी, मग हळूहळू नेहमीचं जेवण. २०१७ला निकाल आला: वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली. त्या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि वजनही जास्त होतं, हे लक्षात घ्या. कोल्हापुरात बसून कुणी परस्पर असले उपास करू नका, गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाते.

भाचीला एवढंच सांगेन की इथले हे संशोधक आठवड्यात पेशंटही तपासतात. दवाखाना की संशोधन, असं एकच निवडावं लागत नाही.

डॉ_कागल | मंगळवार, दुपारी १:४५
सायलीताईंचं वाचून मी थांबलो. माझ्या दवाखान्यातही वजनावरून सहज काहीबाही बोललं जातं, ते आजपासून बंद.

तरी एका गोष्टीवर ठाम आहे. पेशंट न बघता केलेलं संशोधन आकड्यांत अडकतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६चा अभ्यास मला आवडतो तो याचसाठी. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना चालायला आणि खाणं सुधारायला लावलं, तर धोका २८.५ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतल्या तशाच अभ्यासात ५८ टक्क्यांनी घटला होता. हा फरक का? आपली माणसं मुळात तेवढी लठ्ठ नव्हती. मग बारीक माणसाला सांगायचं काय? याचं उत्तर मला पेशंटसमोर रोज लागतं आणि माझ्याकडे ते नाही. भाचीने हे शोधलं तर माझा विरोध नाही, उलट मी पेशंट पाठवीन.

ऊसकरी | मंगळवार, रात्री ८:१५
माझ्या डोक्यात एक आलंय. दरवर्षी हंगामाला बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीत राहतात, पहाटे चारला फडात. मोळी डोक्यावर घिऊन ट्रॅक्टरवर चढणारी बाई सातव्या महिन्याची असती कधीकधी. खाणं म्हंजे भाकरी आणि ठेचा. वर त्या आठशे बायांचं वाचलं तवा ह्याच डोळ्यापुढं आल्या. त्यांच्या पोरांचं पुढं काय हुतंय, कोण बघतंय का? ह्यासाठी पुण्याला कशाला जाय पायजे?

शरीरक्रिया_मास्तर | मंगळवार, रात्री ९:३०
ऊसकरी, हा प्रश्न एखाद्या पीएचडीच्या तोलाचा आहे. अवघड यासाठी की टोळी पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्यावर जाईल सांगता येत नाही, आणि अशा कामाचा जीव माणसं वर्षानुवर्षं टिकवण्यात असतो. पुण्याच्या त्या सहा गावांत बाळं सहा वर्षांची झाली तेव्हा, मग बाराव्या, अठराव्या वर्षी परत तपासली. सहाव्या वर्षी दिसलं की गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं त्यांच्यात इन्सुलिनला दाद कमी. अठराव्या वर्षी तर कित्येकांची साखर उंबरठ्यावर येऊन ठेपलेली. पुढे तिथल्याच किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन, त्यांच्या पुढच्या पिढीत फरक पडतो का, हे बघायचा प्रयोग सुरू झाला. एका माणसाची कारकीर्द म्हणजे ही तीन पिढ्यांची ओळख. गावकरी त्या डॉक्टरांना नावाने ओळखतात, याहून मोठा दवाखाना कुठला?

पेठेतला_पाव्हणा | मंगळवार, रात्री ९:४८
पैशाचं कुणीच लिहिलं नाही, तर मी लिहितो. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० अधिक घरभाडं. एमडी करून कॉलेजात लागली तर पगार चांगला, आणि तिथून प्रकल्प मागता येतात. डॉक्टरांसाठी आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, योजना आहेत, संशोधनाला पैसा देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेची क्लिनिकल फेलोशिप आहे. राजारामपुरीतल्या दवाखान्याइतका पैसा नाही मिळणार, हे दाजींना आधीच सांगा, म्हणजे पुढे कडवटपणा नको.

करवीरकर | बुधवार, रात्री १०:२०
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताई, दाजी, भाची सगळ्यांना बसवून धागा वाचून दाखवला. सायलीताई, तुमचा प्रतिसाद ताईने माझ्याकडून फोन घेऊन स्वतः पुन्हा वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या आईलाही साखर होती, ती शेवटपर्यंत "माझ्या खाण्याचीच चूक" म्हणत गेली. दाजींचा राग गेलेला नाही, पण जागेचा विसार देणं तूर्त थांबवलंय.

भाचीचे दोन प्रश्न आहेत. एमडी मेडिसिन करावं, की बायोकेमिस्ट्री किंवा कम्युनिटी मेडिसिन? आणि ऊसतोडीच्या बायांचं काम तिला फार लागलंय मनाला, त्याची सुरुवात आत्ताच कशी करता येईल? एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉण्ड आहे, तो ती ग्रामीण भागातच मागणार आहे.

शरीरक्रिया_मास्तर | बुधवार, रात्री १०:५५
डॉ_कागल यांचं ऐकून मेडिसिनच करावं असं माझं मत. पेशंटवर हात बसतो आणि दाजींचाही जीव भांड्यात पडतो. एमडीचा प्रबंध मात्र याच विषयावर घ्यावा. बॉण्डच्या वर्षात मोठं काही मांडू नये. कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र मिळालं तर तिथे येणाऱ्या बायांची उंची, वजन, हिमोग्लोबिन, साखर नीट नोंदवावी, आणि मूळ गाव व मुकादमाचा फोन न चुकता लिहून घ्यावा. पुढच्या हंगामात त्याच बाया सापडतात का, हे आधी कळू दे. संशोधन म्हणून एकही रक्त काढायच्या आधी नीतिमत्ता समितीची परवानगी, आणि बाईला तिच्या बोलीत समजावून तिची संमती.

निपाणीची_लेक | बुधवार, रात्री ११:१०
मापं घ्यायला मी शिकवते. कॅलिपरचा हात बसायला वेळ लागतो, तिला सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे पाठवा.

ऊसकरी | गुरुवार, सकाळी ६:०५
आमच्या शिवारात टोळी दिवाळीनंतर उतरती. मुकादम ओळखीचा हाय, बोलून ठेवतो. तिला म्हणावं दुपारी ये, सकाळी बाया फडात असतात.